एक सोडून एक खण

बोगद्याचं छप्पर गोल आणि मालाच्या पेट्या चौकोनी, सगळा तंटा एवढाच होता. पूर्वी या मार्गावर धावायच्या त्या वाघिणी, म्हणजे मालडबे, बुटक्या होत्या, त्यांना कमानीखाली ऐसपैस जागा होती. आता मालगाडीवर येतात त्या जहाजावरून थेट उतरवलेल्या उंच लोखंडी पेट्या. पेटीच्या डोक्यावर मधोमध भरपूर जागा राहते, पण तिचे वरचे दोन कोपरे कमानीत घुसतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तो छेद कागदावर काढून पाहिला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा काढला. कोपरे दोन्ही वेळा विटेच्या आत, वीतभर.

मग एक तर छप्पर वर न्यायचं किंवा जमीन खाली. कमान डोंगर पेलून उभी आहे, तिची खोडी काढण्यात अर्थ नाही. राहिली जमीन. रूळ, स्लीपर, खडी सगळं उचलायचं आणि बोगद्याचा तळ खोल करायचा. पण तळ खोल केला की भिंतींचे पाय उघडे पडतात. म्हणून त्याआधी भिंतींना नवा पाया द्यायचा, तोही भिंत उभी असताना, तिच्याच खाली शिरून. बसल्या माणसाखालची खुर्ची बदलावी तसं हे काम. ते जमतं एका साध्या युक्तीमुळे. भिंतीच्या पायाचे पलंगाएवढ्या लांबीचे खण पाडतात आणि एक सोडून एक खण उघडतात. उघड्या खणावरची भिंत आपलं ओझं शेजारच्या दोन बंद खणांवर टाकते आणि तेवढ्यापुरती अधांतरी राहते. उघड्या खणात काँक्रीट भरून ते घट्ट झालं की मग मधले खण उघडायचे.

ही युक्ती मला इतकी आवडली की घरी जाऊन आईला काड्यापेट्या मांडून दाखवली. आई म्हणाली, "म्हणजे एक पाय उचलायचा तर दुसरा टेकलेला हवा. हे कळायला तुला पदार्थविज्ञान शिकवावं लागलं?"

योजना होती आमच्या मुख्य इंजिनिअर बाईंची. साइटवर त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. पन्नाशी उलटलेली, आवाज बारीक, आणि चालण्याचा वेग असा की सोबत चालणाऱ्याला बोलायला श्वास उरू नये. नोकरीच्या सुरुवातीला याच बोगद्याची तपासणी करत त्या रोज आरपार चालायच्या. कुठली वीट ओली, कुठल्या कोनाड्यात वटवाघळं, हे त्यांना घरातल्या कपाटासारखं माहीत. प्रधान कार्यालयात मात्र दुसरं मत जोरात होतं. बोगदा म्हातारा झाला, दोन्ही तोंडं चिणून टाका, माल ट्रकने जाऊ द्या. हे म्हणणाऱ्यांत सगळ्यांत वजनदार होते सुरक्षा समितीचे प्रमुख. आमच्या साइटवर त्यांचं नाव 'कुलूपवाले' पडलं होतं. दोन वर्षं बैठकांतून भांडून बाईंनी एक संधी पदरात पाडून घेतली होती. अट अशी, की भिंतीबद्दल शंका घेण्याजोगं काहीही घडलं तर समिती येणार आणि ती सांगेल ते शेवटचं.

भिंत किती हलते हे मोजणं ही माझी नोकरी. भिंतींवर नाण्याएवढे आरसे बसवले होते. मी तिवईवरच्या यंत्रातून एकेकावर नेम धरायची. आरसा नखाच्या जाडीइतका सरकला तरी यंत्राला कळतं. तीन मिलिमीटरला पिवळी रेघ, म्हणजे बाईंना सांगायचं. सहाला लाल, म्हणजे माणसं बाहेर आणि समितीला खबर. दिवसभर एक डोळा मिटून उभी असायची म्हणून मला सगळे 'दुर्बीण' म्हणत.

काम दोन्ही तोंडांकडून एकदम चालू होतं आणि दोन तोंडांना दोन मुकादम होते. पूर्वेकडच्या मुकादमाची बायको ही पश्चिमेकडच्याची थोरली बहीण. त्यामुळे पश्चिमेकडचा त्याला भावोजी म्हणायचा, आणि बघता बघता सगळी साइट त्याला भावोजी म्हणू लागली, बाईसुद्धा. दुसरा मग आपोआप मेव्हणे झाला. दोघंही आपापल्या कामात वस्ताद. फक्त एकमेकांच्या पुढे असल्याशिवाय दोघांनाही घास गिळत नसे.

बाईंच्या नकाशात खणांचे आकडे पूर्वेकडून सुरू होत होते. मेव्हण्यांनी ते पाहिलं आणि नकाशा तसाच परत केला.

"म्हणजे यांचा पहिला आणि माझा शंभरावा? यांच्या लग्नाच्या फोटोतही मी मागच्याच रांगेत आहे, बाई. नुसते कान दिसतात."

"कान तरी आलेत हे नशीब समज," भावोजी म्हणाले. "फोटोग्राफर म्हणत होता, याला बाहेरच उभा करा."

बाई हसल्या. "बरं, तुम्ही तुमच्या तोंडाकडून मोजा, ते त्यांच्याकडून मोजतील. काम झाल्याशी मतलब."

मग भिंतीवर दोन्हीकडून रंगाने आकडे पडले. भावोजींचे लाल, मेव्हण्यांचे निळे. रोज सकाळी वॉकीटॉकीवर बाईंचा हुकूम यायचा, "आज विषम," किंवा "आज सम." दोन्ही टोळ्या आपापले विषम किंवा सम खण उघडायच्या. दोन टोळ्यांमध्ये इतकं अंतर होतं की कोण कुठून मोजतो याने काहीच बिघडत नव्हतं.

हळूहळू अंतर संपत आलं. बोगद्याच्या मध्यावर धूळ अडवण्यासाठी छतापासून जमिनीपर्यंत जाड ताडपत्री सोडली होती. तिच्या अलीकडे भावोजींची टोळी, पलीकडे मेव्हण्यांची. आवाज इकडचा तिकडे जायचा, नजर जायची नाही.

त्या सकाळी हुकूम विषमचा होता. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "भावोजी, किती खोल गेलात?"

"तळाला टेकलोच समजा, बाई."

"मेव्हणे?"

"मी तळाला पोचून चहासुद्धा घेतला. भावोजींना विचारा, त्यांना पाठवू का?"

मी माझा फेरा सुरू केला. मध्यावरचा आरसा थोडा सरकलेला दिसला. खण उघडल्यावर एवढं होतंच, म्हणून मी पुढे गेले आणि सवयीने परत येऊन पुन्हा नेम धरला. तो आणखी सरकला होता. पहिला संशय मी यंत्रावर घेतला, कारण माझ्या अनुभवात भिंतींपेक्षा यंत्रं जास्त हलतात. तिवईचा पाय खडीवर घसरला असेल, किंवा कुणाचा धक्का लागला असेल. कधीच न हलणारा एक आरसा मी त्याचसाठी तोंडाजवळच्या खडकात ठेवला होता. त्यावर नेम धरला. तो जागच्या जागी होता. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं. मध्यावर परत आले तोवर आकडा पिवळ्या रेघेपलीकडे गेला होता.

"बाई, मध्यावरची डावी भिंत. साडेतीन, आणि थांबत नाहीये."

बाई पूर्वेच्या तोंडाशी होत्या. त्या आल्या त्या पळत नाही, पण त्यांच्यामागून येणारे दोघं पळत होते. भावोजींच्या खणाशी त्या वाकल्या, टॉर्च मारला. खण नीट होता, तळ मात्र आतल्या माणसांआड दिसत नव्हता. त्याच्या अलीकडचा खण बंद, नियमाप्रमाणे. मग त्यांनी ताडपत्रीची कड हाताने बाजूला केली, आणि पलीकडे मेव्हण्यांचा खण उघडा होता. अगदी लागून. भावोजींचा शेवटचा आकडा लाल रंगात विषम, मेव्हण्यांचा शेवटचा निळ्या रंगात विषम, आणि दोन विषम एकमेकांना चिकटून बसलेले. मध्ये बंद खण नव्हताच. भिंत एका नाही, दोन पलंगांच्या लांबीइतकी अधांतरी होती. दोघांनी हुकूम तंतोतंत पाळला होता.

मला वाटतं, सगळा प्रकार बाईंना त्या एका नजरेत उलगडला, माझ्या आधी कितीतरी. त्यांनी ताडपत्री सोडली नाही, ती मुठीत तशीच धरून ठेवली.

"दोन्ही खणांतली माणसं वर या. अवजारं राहू द्या. ज्यांचं इथे काम नाही त्यांनी आपापल्या तोंडाकडे चालायला लागा. चालायचं, पळायचं नाही." मग माझ्याकडे न बघता, "दुर्बीण, तू जिथे आहेस तिथूनच बोलत राहा. एकेक आकडा, मोठ्याने."

"तीन पूर्णांक आठ."

"एक खण लगेच भरायचा," त्या दोघा मुकादमांना म्हणाल्या. "जो कमी खोल आहे तो. त्यात गोण्या लवकर भरतील. काँक्रीटच्या तयार गोण्या कुणाकडे आहेत?"

"माझ्याकडे," मेव्हणे म्हणाले. "आज भरायचाच होता."

"ठीक. आता खरं सांगा, कुणाचा कमी खोल? वाकून बघण्यात वेळ घालवायचा नाहीये."

सकाळी दोघांनीही तळ लागल्याचं सांगितलं होतं. महिनाभर दोघंही असंच सांगत आले होते, आणि त्यातलं किती खरं मानायचं याचा बाईंचा आपला एक अंदाज होता. पण आज अंदाजावर भागणार नव्हतं. चुकीच्या खणात गोण्या टाकल्या तर त्या पुरल्याच नसत्या.

भावोजींनी हेल्मेट मागे सरकवलं. "माझा, बाई. अर्ध्यावरच आहे. सकाळी बोललो ते आपलं..." ते मेव्हण्यांकडे बघत नव्हते. "उगाच बोललो."

मेव्हणे एरवी या वाक्यावर आठवडाभर जगले असते. त्यांनी खिशातून सुरी काढली आणि ताडपत्री वरपासून खालपर्यंत फाडली.

"गोण्या इकडे! साखळी करा!"

साखळी झाली. मेव्हण्यांच्या माणसाच्या हातून भावोजींच्या माणसाच्या हातात, फाटलेल्या ताडपत्रीतून, एकामागून एक गोणी. मी आकडे म्हणत होते. चार पूर्णांक दोन. चार पूर्णांक पाच. मधूनच कमानीतून चुन्याची भुकटी गळायची, पिठाच्या चाळणीतून गळावी तशी, आणि सगळे एक क्षण थबकायचे.

"लाल रेघेला आकडा लागला," बाई म्हणाल्या, "की हातातली गोणी जागीच टाकायची आणि बाहेर. खण अर्धा राहिला तर राहू दे. मी दुसऱ्यांदा सांगणार नाही."

त्या हे बोलल्या तेव्हा त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. लाल रेघेला आकडा लागणं म्हणजे त्यांच्या दोन वर्षांच्या भांडणाचं काय होणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गोण्या रचून झाल्या तरी त्या आणि भिंतीचा तळ यांत फट राहते. तीत पोलादी पाचरा ठोकाव्या लागतात, तरच भिंत गोण्यांवर टेकते. त्यासाठी कुणीतरी खणात उतरायला हवं होतं. भावोजी उतरले. त्यांच्या टोळीतला एक जण मागोमाग निघाला तर त्यांनी त्याला कॉलर धरून वर ढकललं. आणि मेव्हणे दुसऱ्या बाजूने आत.

"तू कशाला आलास? जा वर."

"तुम्हाला काही झालं तर ताई मला घरात घेईल का?"

"घेईल. पण जेवायला वाढणार नाही."

"तेच म्हणतोय. सरका, उजवीकडची पाचर माझी."

चार पूर्णांक नऊ. पाच. पहिली पाचर अजून फटीत नुसती टेकवली होती, तिच्यावर हातोडा पडायचा होता. मी नेम धरला आणि आकडा म्हणता म्हणता थांबले.

"बोल ना गं," बाई म्हणाल्या.

"पाच पूर्णांक एक. पण बाई, वेग कमी झालाय. मघाशी जेवढ्या वेळात तीन दशांश सरकत होती तेवढ्याच वेळात आता एक. पाचर अजून लागली नाहीये."

बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. मग भिंतीकडे. हातोड्याचे घाव सुरू झाले, पोलादावर पोलाद. पुढचा आकडा पाच पूर्णांक एक. त्याच्या पुढचाही तोच. मी तो इतक्यांदा म्हटला की शेवटी मेव्हणे खड्ड्यातून ओरडले, "कळलं, दुर्बीण! तबकडी अडकली का?"

संध्याकाळपर्यंत दोन्ही खण भरून झाले होते. आम्ही बाहेर स्लीपरच्या ढिगावर बसलो. बाईंच्या केसांत चुना होता. मी हिशेब मांडला आणि मला वाटलं ते बोलून टाकलं.

"बाई, लाल रेघ लागली नाही. म्हणजे नियमाप्रमाणे समितीला कळवायची गरज नाही."

"आकड्याचा नियम नाही लागत," त्या म्हणाल्या. "पण अट काय होती? शंका घेण्याजोगं काहीही. दोन खण शेजारी उघडे राहिले, याच्यावर तुला शंका येत नाही?"

"पण ते कुलूपवाले येतील."

"येतीलच. मी त्यांच्या जागी असते तर मीही आले असते." त्यांनी फोन काढला. समोर मुकादम बसले होते, भांडून दमलेल्या दोन मुलांसारखे. त्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं, समितीपुढे एकमेकांचा दोष अंगावर घ्यायला धावू नका. हुकूम माझा होता. मी विषम म्हणाले, कुठून विषम ते म्हणाले नाही. मोजायची मुभाही मीच दिली होती."

मला त्या संध्याकाळी त्यांचा थोडा रागच आला होता. आता येत नाही.

समिती आली. तिघं होते. कुलूपवाले त्यांच्यात सगळ्यांत वयस्क, कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत काळे बूट. त्यांनी बाईंचं ऐकून घेतलं, मुकादमांचं ऐकून घेतलं. बाईंनी बजावूनही दोघं एका सुरात "माझी चूक" म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं, "पाचर लागायच्या आधी वेग कमी झाला, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मी सांगितलं, आणि यंत्रातले सगळे आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले. मग ते म्हणाले, "भिंतीच्या आत काय आहे ते बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी मध्यावर, त्या दोन खणांच्या बरोबर वर, पोकळ ड्रिलने भिंतीत आरपार छिद्र पाडून दंडगोलासारखा एक तुकडा काढला. मग शेजारी दुसरा. मी असे तुकडे आधी पाहिले होते. बहुतेक जुन्या भिंतींत पुढची एक रांग चांगली असते आणि मागे तुकडेताकडे, खडी आणि चुना भरलेला असतो. मागे कोण बघणार? डोंगर आणि भिंत यांच्यामधला तो भाग बांधल्या दिवसापासून कुणाच्याही दृष्टीस पडणार नसतो. या तुकड्यात शेवटपर्यंत अख्ख्या विटा होत्या. एक आडवी, एक आत घुसलेली, पुन्हा आडवी, सांधा कधीच सांध्यावर नाही. जिथे खडक वेडावाकडा होता तिथे विटा घासून त्या वाकडेपणात बसवल्या होत्या. म्हणूनच दोन खण सुटल्यावर भिंतीने आपलं ओझं आतल्या आत फिरवून आणखी लांबच्या खणांवर नेलं होतं. जरा वाकली, वाट शोधली आणि थांबली.

कुलूपवाल्यांनी तुकडा दोन्ही हातांत धरून उजेडात नेला. त्यांच्या शर्टावर लाल धूळ लागली, त्यांच्या ते गावीही नव्हतं.

"हे कंदिलाच्या उजेडात बांधलंय," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "पुढे काळोख, मागे धूर. आणि मागची रांगसुद्धा ओळंब्यात."

"हो," बाई म्हणाल्या.

"मी दोन वर्षं म्हणत होतो, आत काय आहे माहीत नाही, म्हणून बंद करा."

"माहीत नव्हतंच. मलाही नव्हतं. मी अंदाजावर भांडत होते."

त्यावर ते पहिल्यांदाच हसले. निर्णय त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या सांगितला. काम चालू राहील. मधल्या भागात मात्र एका वेळी एकच खण, दोन्ही टोळ्या मिळून. आकडे एकाच तोंडाकडून. कुठलाही खण उघडा असेल तोवर बाईंनी स्वतः आत हजर राहायचं. म्हणजे काम लांबणार, आणि बाईंना घरचं जेवण कित्येक दिवस थंडच मिळणार. त्यांनी सगळं मान्य केलं आणि मग नाक शिंकरायला जरा बाजूला गेल्या. त्यात बराच वेळ गेला.

परत आल्या तेव्हा मी तिथेच उभी होते. म्हटलं, "बाई, जिंकलात."

"परवानगी मिळाली म्हणून भिंत हलायची थांबत नाही. जा, रीडिंग घे."

मी गेले. मध्यावर मुकादमांची टोळी, आता एकच, पुढच्या खणाच्या तयारीत होती. समितीतले दोघं गाडीत जाऊन बसले होते. कुलूपवाले मात्र निघेनात. त्यांनी भावोजींना विचारलं, "खण उघडताना बघू का? अडचण नाही ना होणार?"

"अडचण कसली, साहेब. पण हे बूट नाही चालणार."

भावोजींनी आपले जादा गमबूट आणून दिले. ते त्यांना चांगलेच मोठे होत होते. मेव्हण्यांनी त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, "धरता का जरा? इथे, तळाशी. हलवू नका."

ते खणाच्या काठाशी उकिडवे बसले, कडक शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर करून, टॉर्च दोन्ही हातांनी घट्ट धरून. बाई त्यांच्या शेजारी येऊन वाकल्या. मेव्हण्यांनी पहिला घाव घातला आणि मी आरशावर नेम धरला.